अर्ध्या टक्क्याचा उतारा : शिरूर-दौंडच्या मुलांनी 'एरोस्पेस' शिकायचे म्हणजे काय?

पुणे जिल्हा परिषदेने २०२५ साली 'आयुका'च्या मदतीने एक वेगळी परीक्षा घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुले निवडून काहींना अमेरिकेतली 'नासा' आणि काहींना 'इस्रो' दाखवायला न्यायचे, असा हा उपक्रम. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या अनेक घरांत एक प्रश्न पहिल्यांदाच गंभीरपणे विचारला गेला : आपल्या पोराला किंवा पोरीला रॉकेट, विमान, उपग्रह यांतच काही करायचे असेल, तर तिने नेमके शिकायचे काय, आणि कुठे?

शिरूर आणि दौंड हे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, घोड आणि भीमेच्या काठचे तालुके. एकीकडे ऊस आणि साखर कारखाने, दुसरीकडे रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, मधोमध दौंडचे रेल्वे जंक्शन. इथल्या घराला इंजिनिअर हा शब्द नवा नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर म्हणजे काय, याचा काही ना काही अंदाज प्रत्येकाला असतो. 'एरोस्पेस'चा मात्र नसतो. त्यामुळे हा शब्द कानावर पडला की एक तर डोळे दिपतात, नाहीतर 'ते आपल्यासाठी नाही' म्हणून विषय संपतो. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीतून येतात. एखाद-दोन एकरांवर शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला हे अज्ञान परवडणारे नाही. म्हणून या शिक्षणाच्या पोटात काय असते आणि या भागाचा त्याच्याशी काय संबंध आहे, ते जरा सविस्तर पाहू.

चालवणारा, राखणारा, रचणारा

पहिला गोंधळ इथेच होतो. विमानाशी संबंधित तीन व्यवसाय पूर्णपणे वेगळे आहेत. विमान चालवणारा वैमानिक. त्याला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय चाचणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि दोनशे तासांचे उड्डाण, हा व्यावसायिक परवान्याचा मार्ग. दुसरा विमान राखणारा, म्हणजे देखभाल अभियंता. उड्डाणापूर्वी 'हे विमान उडण्यास योग्य आहे' अशी सही करण्याचा अधिकार त्याचा. हाही परवान्याचा अभ्यासक्रम आहे. त्याचे शिक्षण मान्यताप्राप्त संस्थांत होते.

तिसरा विमान रचणारा. पंखाचा आकार असाच का, इंजिनाला हवा किती लागेल, धक्का बसला तर यान पुन्हा सरळ होईल की कोलमडेल, हे कागदावर आधी ठरवणारा. एरोस्पेस अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी या तिसऱ्याची. पूर्वी हिचे नाव 'एरोनॉटिकल' होते, म्हणजे फक्त वातावरणातली याने. अवकाशयुग आल्यावर अग्निबाण आणि उपग्रह तिच्यात आले. सरकारी परिभाषेत 'वांतरिक्ष' असा शब्द आहे. बोलण्यात मात्र सगळे 'एरोस्पेस'च म्हणतात.

अनेक जाहिरातींत हे तिन्ही व्यवसाय एकाच चित्रात दाखवलेले असतात : गणवेशातला वैमानिक, मागे जेट विमान आणि खाली 'एरोस्पेस'. चित्र पाहून प्रवेश घेतलेल्या मुलाला दुसऱ्या सत्रात आंशिक विकलक समीकरणे भेटतात, तेव्हा त्याची फसगत झाल्याची भावना होते. खरे तर फसवलेले असते ते चित्राने, विषयाने नव्हे.

कालवा आणि पंख

या पदवीचे पाच खांब आहेत : वायुगतिकी, संरचना, प्रणोदन, उड्डाणाची यांत्रिकी आणि नियंत्रण. पहिला खांब समजून घ्यायला दौंडच्या माणसाला लांब जायला नको. खडकवासल्याहून येणारा कालवा पाहिला तरी पुरे. कालव्याचे पात्र जिथे अरुंद होते, तिथे पाणी वेगाने पळते. रुंद होते, तिथे संथ होते. जितके पाणी आले तितकेच पुढे गेले पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. हवेलाही, वेग ध्वनीपेक्षा बराच कमी असेपर्यंत, जवळपास हाच नियम लागू पडतो.

विमानाचे पंख कसे उचलले जातात, याचे एक सोपे स्पष्टीकरण कित्येक वर्षे पुस्तकांत छापले जाते. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला गाठायचे म्हणून ती वेगाने पळते, असे ते स्पष्टीकरण. ते चूक आहे. वरच्या आणि खालच्या हवेने मागच्या कडेला एकाच वेळी पोचावे, असा कोणताही नियम निसर्गात नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोचते. खरी गोष्ट अशी की, पंख हवेच्या प्रवाहाला वळवतो आणि खाली ढकलतो. प्रवाह वळताना वरच्या बाजूला दाब घटतो, खालच्या बाजूला वाढतो, आणि त्या फरकातून उचल मिळते. वेग दुप्पट केला तर उचल चौपट होते. दहा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश उरते, म्हणून तिथे विमानाला फार वेगाने जावे लागते.

कालव्याची आणखी एक खूण इथे कामी येते. मध्यभागी टाकलेले पान झरझर जाते, काठालगतचे रेंगाळते. भिंतीला टेकलेला पाण्याचा थर जवळजवळ थांबलेला असतो. हवेतही पंखाला चिकटून असाच एक अतिशय पातळ थर असतो. विमानाला होणारा बराचसा विरोध आणि पंखाची उचल अचानक नाहीशी होण्याचा धोका, हे दोन्ही त्या थराच्या वागण्यावर ठरते. हे १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत मांडले जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी. आधुनिक वायुगतिकी तिथून सुरू झाली असे मानतात. प्रांट्ल यांचे नाव लक्षात ठेवावे. त्यांचा एक विद्यार्थी पुढे आपल्याला भेटणार आहे.

उताऱ्याचा हिशेब

प्रणोदन म्हणजे पुढे ढकलण्याचे शास्त्र. इथे ऊस पिकवणाऱ्याला परिचयाचा शब्द आहे : उतारा. पश्चिम महाराष्ट्रात शंभर किलो ऊस गाळला की साधारण दहा ते बारा किलो साखर निघते. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तरी गावात चर्चा होते. आता इस्रोच्या 'पीएसएलव्ही' या अग्निबाणाचा उतारा पाहू. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन सुमारे ३२० टन. त्यातून ६०० किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत पोचतो जास्तीत जास्त पावणेदोन टनांचा उपग्रह. म्हणजे उतारा साधारण अर्धा टक्का. बाकी सगळे इंधन आणि वाटेत टाकून द्यायची कवचे.

एवढा कमी का? कारण कक्षेत राहायचे तर सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध यांत जे खर्ची पडते ते धरले, तर अग्निबाणाला एकूण सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरची मजल मारण्याइतकी ताकद हवी. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला तीन किलोमीटर धरा. रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणात हे आकडे घातले की उत्तर येते : सुरुवातीच्या वजनाचे बावीस भाग केले तर शेवटी एकच भाग उरतो. त्या एका भागात टाक्या, इंजिन, कवच आणि उपग्रह, सगळेच आले. एकाच टप्प्यात ते जमत नाही. म्हणून टप्पे करायचे आणि रिकामे झालेले ओझे वाटेतच सोडून द्यायचे.

या समीकरणात लागणारे गणित म्हणजे अकरावी-बारावीत शिकवला जाणारा लॉगॅरिदम. तो पाठ करून गुण मिळवलेल्या मुलाला त्याचा हा उपयोग सहसा कुणी सांगितलेला नसतो. पदवीचा पहिला धक्का आणि पहिला आनंदही तोच असतो : इतके दिवस परीक्षेपुरते वाटलेले गणित अचानक वजन उचलायला लागते.

बॉयलर आणि अग्निबाणाचे कवच

दौंडच्या शेजारी इंदापूर तालुका. तिथे वालचंदनगर. वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकात तिथल्या माळरानावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. पुढे तिथला उद्योग साखर कारखान्यांची यंत्रे बनवू लागला. त्यातूनच अवजड यंत्रनिर्मिती वाढली, आणि १९७० च्या दशकापासून हाच कारखाना इस्रोसाठी अग्निबाणांच्या घन इंधनाच्या टप्प्यांची कवचे घडवत आला आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणाच्या दोन बाजूंना जे प्रचंड बूस्टर होते, त्यांच्या कवचांचे भाग वालचंदनगरचे होते. शिरूर-दौंडच्या घरातून दुचाकीवर जाता येईल, इतक्या अंतरावर घडलेली ही गोष्ट.

साखर कारखान्याची यंत्रे बनवणारा अग्निबाणाकडे कसा वळला, हे कोडे संरचनेच्या अभ्यासाने सुटते. बॉयलर आणि घन इंधनाचे कवच, दोन्ही दाबपात्रेच. आतला दाब भिंतीला ताणतो. तो ताण काढण्याचे सूत्र सोपे आहे : दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर. हिशेबापुरता आतला दाब साठ वातावरणे आणि भिंत आठ मिलिमीटरची धरू. उत्तर येते दर चौरस मिलिमीटरला शंभर किलोहून थोडे अधिक. तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढ्या जागेवर एक क्विंटल! साधे बांधकामाचे पोलाद पंचवीस किलोच्या आसपासच कायमचे ताणले जाते.

सहवीज प्रकल्पाच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब याहूनही जास्त असू शकतो. तिथे उपाय सोपा असतो : व्यास लहान ठेवा, भिंत जाड करा. वजन कितीही वाढले तरी बॉयलर जागेवरून हलायचा नाही. शिवाय दाबपात्रांच्या रूढ संहितांत तीन-साडेतीनपट मार्जिन ठेवतात. विमानाच्या रचनेत मात्र ते साधारण दीडपट असते. अग्निबाणाच्या भिंतीत एक मिलिमीटर वाढवला तर तो अर्ध्या टक्क्याच्या उताऱ्यातून वजा होतो.

म्हणून धातूच बदलावा लागतो. या कवचांसाठी वापरतात ते 'मॅरेजिंग' पोलाद. त्यात कार्बन जवळजवळ नसतो; साधारण अठरा टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. ते सुरुवातीला तुलनेने मऊ असते, म्हणून वाकवता आणि वेल्ड करता येते. सगळे घडवून झाल्यावर पाचशे अंशांच्या थोड्या खाली काही तास भट्टीत ठेवले की ते कठीण होते, आणि त्याची ताकद साध्या पोलादाच्या सहा-सात पटींवर जाते. वेल्डच्या सांध्यात केसाएवढी भेग राहिली तरी चालत नाही. म्हणून प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी आणि श्राव्यातीत लहरींनी तपासला जातो. बॉयलरला हंगामभर, म्हणजे चार-पाच महिने चालायचे असते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याला दोन मिनिटेसुद्धा जळायचे नसते. पण त्या दोन मिनिटांत दुरुस्तीला वाव नसतो.

एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. हे कवच घडवणारे वेल्डर, टर्नर, फिटर, भट्टीवरचे कामगार, तपासणीस हे सगळे एरोस्पेस उद्योगाचाच भाग आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे एरोस्पेसची पदवी नसते. आयटीआय किंवा पदविका घेतलेल्या मुलांसाठी इस्रोमध्येही तंत्रज्ञ आणि तांत्रिक साहाय्यक अशी भरती होते. पदवी हा अवकाशाचा एकमेव दरवाजा नाही, हे घरात बोलले गेले पाहिजे.

घाटगे, वालचंद, गोवारीकर

भारतात हा विषय शिकवला जाऊ लागला, त्याच्या मुळाशी मराठी माणसे आहेत. कोल्हापूर भागातले विष्णु माधव घाटगे भौतिकशास्त्र शिकून जर्मनीतल्या गॉटिंगेनला गेले आणि १९३६ साली प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन परतले. त्या वेळी देशात विमान बनवणारा कारखानाच नव्हता. १९४० च्या डिसेंबरमध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी उभी केली. तीच आजच्या 'हाल'ची मूळ संस्था. इंदापूरच्या माळावर ऊस उभा करणारा माणूस आणि देशातला पहिला विमान कारखाना काढणारा माणूस एकच, हे इथल्या शाळांत आवर्जून सांगण्यासारखे आहे.

घाटगे या कारखान्यात आले. १९४२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तो उभा करण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. देशातल्या या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाची ती सुरुवात. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, आणि पुढे 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ साली. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या या विमानांवर शिकल्या.

दुसरे नाव वसंत गोवारीकर. पुण्यात १९३३ साली जन्मलेले गोवारीकर हे रसायन अभियंता. बर्मिंगहॅमला डॉक्टरेट करून १९६७ साली ते थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या देशी तंत्राचे एक प्रमुख शिल्पकार झाले. पुढे ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. घन इंधन म्हणजे अमोनियम पर्क्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे बहुवारिक. यात वायुगतिकी कुठेच नाही, सगळे रसायनशास्त्र. याच गोवारीकरांनी उतारवयात सहकाऱ्यांसह खतांचा एक मोठा ज्ञानकोश सिद्ध केला. अग्निबाणाचे इंधन आणि उसाचे खत एकाच माणसाच्या अभ्यासाच्या कक्षेत येऊ शकतात, याहून चांगले उदाहरण शेतकरी घरातल्या मुलाला काय द्यावे!

'आपल्याकडे होतेच की सगळे'

या विषयावर गावात बोलायला लागले की कुणी तरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतो आणि प्राचीन विमानविद्येचा दाखला देतो. याकडे हसून दुर्लक्ष करणे सोपे, पण अभ्यासकांनी तसे केले नाही. 'वैमानिक शास्त्र' म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रंथाची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली केली. ग्रंथाची भाषा आणि त्याचा प्रवास पाहून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ठरतो, असे त्यांनी दाखवले. मग त्यात वर्णिलेल्या यानांची मापे घेऊन, वजन आणि उचल यांचा हिशेब मांडून, ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला.

महत्त्वाची आहे ती पद्धत. त्यांनी ग्रंथाची टर उडवली नाही आणि त्यापुढे मानही तुकवली नाही, आकडे मांडले. एरोस्पेसचे शिक्षण शेवटी हेच शिकवते. आवडत्या कल्पनेलाही 'उडत नाही' म्हणता आले पाहिजे, आणि स्वतःच्या कल्पनेला तर सगळ्यात आधी. १० ऑगस्ट १९७९ रोजी इस्रोचा एसएलव्ही-३ समुद्रात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून गळती झाली होती. कारण शोधले, दुरुस्त केले, आणि १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला. मधल्या अकरा महिन्यांत जे घडले, ते म्हणजे अभियांत्रिकी.

पदवी कुठे, नोकरी कुठे

आता व्यवहाराकडे वळू. एरोस्पेसची पदवी देणाऱ्या आयआयटींत मुंबई, मद्रास, खरगपूर आणि कानपूर ही जुनी नावे. तिरुअनंतपुरमची 'आयआयएसटी' ही अवकाश विभागाची संस्था २००७ साली सुरू झाली. ठरलेले गुण राखणाऱ्या तिच्या विद्यार्थ्यांना इस्रोत जागांच्या उपलब्धतेनुसार घेतले जाते. या सर्वांचा प्रवेश जेईई ॲडव्हान्सवरून होतो. घराजवळ पाहायचे तर दौंडहून पुण्याकडे येताना लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी विद्यापीठात ही पदवी आहे. खडकवासल्याजवळ गिरीनगरला संरक्षण खात्याची 'डायट' ही अभिमत संस्था आहे. तिथे याच विषयात पदव्युत्तर शिक्षण होते.

मात्र एक विसंगती नीट समजून घ्यावी. इस्रोत जायचे म्हणून एरोस्पेस घ्यायचे, हे समीकरण वाटते तितके सरळ नाही. इस्रोची शास्त्रज्ञ-अभियंता पदांची केंद्रीय भरती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या शाखांसाठी होते. उपग्रह म्हणजे बव्हंशी इलेक्ट्रॉनिक्स, अग्निबाण म्हणजे बव्हंशी यंत्रकाम, धातू आणि रसायन. त्यामुळे पक्क्या पायाचा मेकॅनिकल अभियंता नंतर एरोस्पेसमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकतो. 'गेट' परीक्षेत एरोस्पेसची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. उलट, प्रयोगशाळा नसलेल्या संस्थेतून नुसत्या नावाची एरोस्पेस पदवी घेतली, तर अवकाशातही जागा नाही आणि जमिनीवरच्या कारखान्यातही अडचण, अशी गत होते. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अग्निबाण आणि संरक्षणाशी निगडित कामे निर्यात-निर्बंधांमुळे परकीय नागरिकांना सहसा मिळत नाहीत. तिथे शिकता येते, पण त्या क्षेत्रात नोकरी मिळेलच असे धरून कर्ज काढू नये.

पुण्याच्या सीओईपीचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. १८५४ सालापासूनच्या या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी जेमतेम एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने तो कक्षेत सोडला. उपग्रहाची दिशा राखायला त्यात मोटर नव्हती. चुंबकाच्या साहाय्याने तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानुसार स्वतःच वळत असे, जशी होकायंत्राची सुई. बनवणारी मुले मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स अशा नेहमीच्या शाखांची. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रहही गेला.

म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. हवेच्या प्रवाहाचा बोगदा चालू स्थितीत आहे का, की काचेआड ठेवलेला आहे? शिक्षकांपैकी किती जणांनी याच विषयात संशोधन केले आहे? विद्यार्थ्यांनी स्वतः बनवून उडवलेले काही दाखवता येते का? आणि मागच्या दोन-तीन वर्षांत उत्तीर्ण झालेली मुले आज नेमके काय करतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून नव्हे, त्या मुलांकडूनच घ्यावे.

भाषेचा प्रश्नही आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला 'संवेग' कळलेला असतो, 'मोमेंटम' अडतो. पहिल्या सहा महिन्यांत ती मागे पडते ती शब्दांमुळे, समजेमुळे नाही. २०२१ पासून अभियांत्रिकी पदवी मराठीसह काही भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी मिळाली आहे. पण एरोस्पेसच्या वरच्या वर्गांचा ग्रंथसंग्रह इंग्रजीतच आहे आणि काही काळ तसाच राहील. तेव्हा अकरावीपासूनच दोन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारी-शेजारी लिहिण्याची सवय लावणे, हा साधा आणि बिनखर्चाचा उपाय. नववीच्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' हा उपक्रम २०१९ पासून चालतो, आणि त्यात ग्रामीण मुलांना प्राधान्य असते. हेही शाळांना माहीत असावे.

कवच इथले, आराखडा कुणाचा?

क्षेत्र आता सरकारपुरते राहिलेले नाही. २०२० साली खासगी उद्योगांसाठी 'इन-स्पेस' ही संस्था स्थापन झाली. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या 'स्कायरूट'चा अग्निबाण उडाला, तर ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या 'अग्निकुल'चा. २०२१ च्या नियमांनंतर ड्रोन सर्वत्र दिसू लागले, आणि उसाच्या उभ्या पिकावर फवारणी करणारा ड्रोन तर आता बांधावरच येतो. त्यात पंखांची वायुगतिकी आहे, वजन आणि बॅटरीचा हिशेब आहे, वाऱ्यात तोल सावरणारे नियंत्रण आहे. पदवीच्या पाचही खांबांची ही छोटी प्रयोगशाळा शेतात उभी आहे. तो ड्रोन भाड्याने आणणारी माणसे गावोगाव आहेत. बारा फूट उंच उसावर त्याच्या पंख्यांचा झोत औषध पानांच्या तळापर्यंत कसा नेतो, याची मोजणी करणारी फार थोडी आहेत. हा प्रश्न सोडवायला सगळ्यात योग्य माणूस तोच, ज्याने ऊसही पाहिला आहे आणि प्रांट्लचा पातळ थरही शिकला आहे.

या परिसराचा खरा पेच इथे आहे. अग्निबाणाचे कवच या मातीत घडते. त्याचा आराखडा तिरुअनंतपुरमला होतो. रांजणगावला यंत्रांचे सुटे भाग बनतात. त्यांची रेखाचित्रे बऱ्याचदा बाहेरून येतात. घडवण्याचे कौशल्य आपल्याकडे तीन पिढ्यांचे आहे, रचण्याचे अजून रुजायचे आहे. एरोस्पेसची पदवी हा त्या अंतरावरचा एक पूल आहे. एकमेव नाही, सोपा तर नाहीच, आणि प्रत्येकासाठीही नाही. गणिताचा कंटाळा असलेल्या मुलाला केवळ आकाशाच्या ओढीने तिथे पाठवू नये. पण ज्या मुलीला लॉगॅरिदमचा उपयोग कळल्यावर झोप लागत नाही, तिला केवळ 'आपल्यात कुणी केलेले नाही' म्हणून अडवूही नये.

तिला आधी वालचंदनगरची कवचे दाखवावीत, घाटगे आणि गोवारीकर कोण होते ते सांगावे, आणि अर्ध्या टक्क्याचा हिशेब तिच्याच हाताने करायला द्यावा. तो तिने शेवटपर्यंत सोडवला आणि 'हा उतारा वाढवता नाही का येणार?' असे विचारले, तर प्रवेशाचा अर्ज भरायला हरकत नाही.